मामा, तुमचा फोटो मी उजळला नाही

मेलात म्हणून सुटलात असं समजू नका, मामा. दीड महिना झाला तुम्हाला जाऊन. तेराव्याला आलेली माणसं आपापल्या गावी गेली, मामी दोन घास खायला लागली, तुमच्या प्रशांतनं स्टुडिओचं शटर अर्धं वर करून आतलं झाडूनही घेतलं. माझंही रडून झालं. तुमच्या पोटच्या पोरापेक्षा मी जास्त रडले, हे सगळ्या दहिवडीनं बघितलं. पण रडणं वेगळं आणि राग वेगळा. रडणं ओसरलं, राग आहे तिथंच आहे, आणि तो ऐकून घ्यायचं काम आता तुमचं आहे. जिवंत होता तेव्हा दरवेळी "नंदे, च्या टाक आधी" म्हणून विषय बदलायचात. आता बदलून दाखवा.

तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी प्रशांत माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "ताई, आप्पांचा फोटो तूच कर. फ्रेमसाठी एक आणि चौकातल्या फ्लेक्ससाठी एक. जरा बरा कर." बरा म्हणजे काय ते मी विचारलं नाही. बाबा गेल्यावर आई मला कडेवर घेऊन तुमच्या दारात आली, तेव्हापासून मी तुमच्या घरात वाढले. तुमच्या डार्करूममध्ये लाल दिव्याखाली अभ्यास केला, पुढं कॉम्प्युटर आला तेव्हा तुमच्या शेजारी स्टूल टाकून बसले. आपल्या घरात बरा म्हणजे गोरा, हे मला पाढ्यांच्या आधी कळलं होतं.

फोटो शोधायला म्हणून दुपारी तुमच्या खुर्चीत बसले. कॉम्प्युटर चालू केला आणि पहिल्यांदा डोळेच दिपले. स्क्रीनचा उजेड तुम्ही फुल्ल करून ठेवलेला. किती वेळा सांगितलं होतं मी, मामा, की स्क्रीन एवढा झगझगीत ठेवला की त्यावर बरा दिसणारा फोटो कागदावर काळपट येतो. तुम्ही काय करायचात? प्रिंट काळपट आली की फोटो अजून उजळायचात. स्क्रीन कमी करायचं सोडून माणसं वाढवायचात.

तुमचे स्वतःचे फोटो सापडले शंभरभर. लग्नांतले, सत्कारातले, पासपोर्ट साइजचे. त्यातल्या एकातही तुम्ही नव्हता. एक गुलाबी गाल असलेला, नाक चकचकीत, सुरकुती नसलेला इसम होता, तुमचा शर्ट घालून बसलेला. मी मूळ फोटो शोधायला लागले आणि मग आठवलं की तुमच्याकडं मूळ नावाची वस्तूच नसते. फोटो उघडायचा, उजळायचा, बंद करताना कॉम्प्युटर विचारतो सेव्ह करू का, तुम्ही म्हणायचं कर. त्याच नावावर, त्याच जागी. कॅमेऱ्यानं काढलेला फोटो तिथंच मेला. "मूळ फायली वेगळ्या ठेवा हो मामा," म्हणून मी घसा कोरडा करायचे, आणि तुम्ही म्हणायचात, "कशाला गं? कोन मागाय येतंय काळं तोंड?"

त्या दुपारी मी फोल्डरवर फोल्डर उघडत गेले. मेंढरं घेऊन फिरणारी माणसं, उन्हातान्हात ज्वारी काढणाऱ्या बायका, मुंबईत गोदीवर हमाली करून दिवाळीला आलेले बाप्ये. माण तालुक्यात बारा महिने ऊन, आणि तुमच्या कॉम्प्युटरात रापलेला एक माणूस नाही. सगळे एका रंगाचे, सगळे जणू सावलीत जन्मले. एवढ्या वर्षांत तुमच्या समोर बसलेला एकही चेहरा आता कुठं शिल्लक नाही. लोकांच्या घरी भिंतींवर जे आहेत, ते तुम्हीच बनवलेले आहेत. मला लाज वाटली, कारण त्यातले कितीतरी तुमच्या सांगण्यावरून माझ्या हातानं झालेत.

आणि मग डेस्कटॉपवर ती फाईल दिसली. नाव, "मृणाल बायोडाटा". तारीख बघितली. तुमच्या छातीत कळ आली त्याच्या आदल्या दिवशीची.

तुमची नात. प्रशांतची एकुलती एक. मिरजेत दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरी करते, रविवारी तिथल्याच माझ्या स्टुडिओत येऊन माझा डबा संपवते, मला आत्या म्हणते. ती अर्धीच उजळून झाली होती, म्हणून तेवढी एकच फाईल थरांसकट राहिली होती. तुम्हीच शिकवलंत मला, फोटोवर एकावर एक काचा ठेवल्यागत थर चढवायचे, प्रत्येक थराशेजारी डोळ्याचं चित्र असतं, ते दाबलं की तो थर दिसेनासा होतो. मी एकेक डोळा दाबत गेले. कातडी गुळगुळीत केलेला थर गेला. गोरेपणाचा थर गेला. नाक थोडं बारीक केलेला थर होता, तोही गेला. डाव्या गालावरचा तीळ पुसलेला थर गेला. सगळ्यात खाली आपली मृणाल होती, सावळी, तरतरीत, हसू दाबून बसलेली.

तुम्हाला जाऊन दोन दिवस झाले नव्हते, आणि मी तुमच्या खुर्चीत बसून तुम्हाला शिव्या देत होते. मामी बाहेर होती, तिनं ऐकल्या असतील. ऐकू देत. माझ्याशी केलंत ते केलंत, मामा, पण त्यातून तुम्ही काही म्हणजे काही शिकला नाहीत, हे मला त्या स्क्रीनवर दिसलं.

माझ्याशी काय केलंत ते पुन्हा सांगते, कारण तुम्ही ते कधी नीट ऐकून घेतलंच नाही. मी बावीसची. तुम्ही नवा डिजिटल कॅमेरा आणलेला, तालुक्यातला पहिला म्हणून तुम्ही सांगायचात. माझा स्थळांना पाठवायचा फोटो तुम्ही स्वतः काढलात, स्वतः बसून केलात, मला बघूही दिला नाहीत. पाकिटात घालून फलटणकडं धाडला. दहा दिवसांत माणसं आली. आईनं तिची हिरवी साडी मला नेसवली. मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले, सगळ्यांपुढं बशा ठेवल्या आणि समोरच्या खुर्चीवर बसणार, तेवढ्यात मुलाच्या आईनं हातातला फोटो बघितला, माझ्याकडं बघितलं आणि मामीला म्हणाली, "पोहे छान झालेत. आता मुलीला बोलवा की."

मी उभी होते. खुर्ची माझ्या मागं होती. तुम्ही दाराच्या चौकटीत उभे होता आणि तुम्ही म्हणालात, "हीच मुलगी. लाइटचा फरक हाय जरा."

लाइटचा फरक. त्या बाईनं मग तो फोटो माझ्या तोंडाशेजारी धरला. खरंच धरला, मामा, दुकानात कापडाचा तुकडा जुळवून बघतात तसा. मग पोहे संपवून ती माणसं गेली. जाताना तिचा नवरा तुम्हाला म्हणाला, "फसवणूक हाय ही, पावनं." तुम्ही आत येऊन माझ्या आईला म्हणालात की पुढच्या वेळी मी थोडा कमी करीन. कमी केलातही. पण इतका नाही की मला फोटोत मी ओळखू येईन. अशी सहा स्थळं आली. सहा वेळा मी त्या खुर्चीवर बसले आणि सहा वेळा फोटोतल्या पोरीशी माझी तुलना झाली. दरवेळी तीच जिंकली. सातव्या वेळी मी हिरवी साडी ट्रंकेत घातली आणि सांगितलं की मला लग्न करायचं नाही. सगळे म्हणाले, पोरगी हट्टी आहे. तुम्हीही म्हणालात.

वर्षभर मी तुमच्याशी बोलले नाही, तेव्हा एकदा तुम्ही कारण सांगितलंत. आईचं सांगितलंत. तिला नऊ ठिकाणी नाकारलं होतं, न बघता, नुसतं कुणीतरी सांगितलं म्हणून की पोरगी काळी आहे. "आगं, उंबऱ्याच्या आत पाय ठेवला न्हाई कुनी तुझ्या आईसाठी. मानसं एकदा घरात आली, पोरीचं बोलनं-वागनं बघितलं, की रंग इसरत्यात. मानसं उंबऱ्याच्या आत आनायची, एवढंच फोटूचं काम." तुमचे डोळे भरले होते. तुम्ही बहिणीवर जीव टाकत होता, भाचीवरही टाकत होता, हे मला तेव्हाही कळत होतं. पण कारण कळलं म्हणजे माफ झालं असं नसतं. तुमचा जीव होता माझ्यावर, म्हणून तर जास्त लागलं. परक्या स्टुडिओवाल्यानं केलं असतं तर त्याचं पाकीट फाडून मोकळी झाले असते.

आणि बघा, कसं अडकवलंत. ज्या माणसानं माझं तोंड पुसलं, त्यानंच मला पोटाला लावलं. उजेड कसा बघायचा ते तुम्ही शिकवलंत. "नंदे, क्यामेरा मानसाला बगत न्हाई, मानसावर पडल्याल्या उजेडाला बगतो. दारात बसव, खिडकीपाशी बसव, फ्लॅश मारू नगं उगा." दहिवडीतल्या कडक उन्हात तुम्ही लोकांना आंब्याखाली न्यायचात, पांढरं धोतर कुणाच्या तरी हातात धरायला देऊन त्याचा उजेड तोंडावर पाडायचात. डोळ्याखालची सुरकुती घालवायची नाही, फक्त अर्धी करायची, म्हणजे माणूस झोपून उठल्यासारखा दिसतो, हेही तुमचंच. स्वतःच्या बाबतीत ते कुठं गेलं कोण जाणे. मिरजेत मी स्टुडिओ टाकला तेव्हा तुमची सगळ्यात चांगली लेन्स मला दिलीत, ती पन्नास एमएमची, आणि म्हणालात की कॅमेऱ्याची बॉडी दर चार वर्षांनी जुनी होती, काच म्हातारी होत न्हाई. बरोबर होतं. आजही तीच वापरते. तुमच्यावर राग करायचा म्हटलं तरी तुमच्याच काचेतून बघून करावा लागतो.

मिरजेत माझे डोळे उघडले, ते यासीनचाचांनी उघडले. तानपुरे, सतारी बनवतात, माझ्या दुकानापासून चार घरं सोडून त्यांचं कारखाना-वजा घर. परगावच्या गिऱ्हाइकाला पाठवायला तानपुऱ्याचे फोटो काढ म्हणाले. मी तुमच्या सवयीनं भोपळा जरा सोनेरी, जरा उजळ करून दिला. चाचांनी फोटो बघितला, तानपुरा बघितला आणि हसले. "बेटी, गिऱ्हाईक यही रंग माँगेगा, मग मी आनू कुठनं? बाजा परत येईल माझा. जैसा है वैसा दिखा." मग मी राखाडी कार्ड आणलं, पहिल्या फोटोत ते वाद्याशेजारी धरायचं आणि घरी आल्यावर त्याच्यावरून फोटोतलं खरं पांढरं ठरवायचं, म्हणजे बाकीचे रंग जागेवर येतात, हे शिकले. स्क्रीनचा रंग दर महिन्याला तपासायला लागले. कॅमेऱ्यातनं येतात तशा कच्च्या फायली जपायला लागले. आठ दिवस लागले मला एका भोपळ्याचा खरा रंग आणायला. आठव्या दिवशी जमला तेव्हा मी दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन रडले, मामा. लाकडाची आणि भोपळ्याची फसवणूक नको म्हणून एवढी धडपड, आणि पोरींची चालते?

त्यानंतर कुणाला गोरं करून दिलं नाही मी. सांगून टाकलं, पुटकुळी पुसेन, डाग घालवेन, शर्टावरची चुणी काढेन, रंगाला हात लावणार नाही. पुष्कळ लोक शेजारच्या स्टुडिओत गेले. तुम्हाला कळलं तेव्हा फोन करून म्हणालात, "धंदा बुडवशील." बुडला नाही. पण तो वाद आपण दर सणाला घालत आलो, आणि तो कॅमेऱ्यावर येऊन पेटला.

मला कॅमेरा बदलायचा होता. हॉलमधल्या लग्नात उजेड कमी पडला की जुन्या बॉडीच्या फोटोत दाणे यायचे, नवरी वळली की फोकस तिच्या कानातल्यावर जायचा. नव्यात आरसा नाही, म्हणून आवाज नाही, डोळा शोधून डोळ्यावरच फोकस धरतो, आणि दोन कार्डं बसतात. मी सगळं तुम्हाला फोनवर समजावून सांगितलं. तुम्ही म्हणालात, "दोन कार्डं कशाला? एका कार्डात काय किडं पडल्यात?" मी म्हणाले, एक खराब झालं तर लग्नाचे फोटो जातात, दुसऱ्यावर जपलेले असतात. तुम्ही म्हणालात की जुना कॅमेरा कातडीला गुलाबी छटा देतो, नवा देत नाही, नवे कॅमेरे माणसं रांगडी काढतात. तिथं मला कळलं की तुमचं भांडण कॅमेऱ्याशी नाही. तरी तुमच्या मनाविरुद्ध घेतला, आणि संक्रांतीला मुद्दाम दहिवडीला घेऊन आले, तुमच्या नाकावर टिच्चून.

आठवतंय ना? दुपारचे चार वाजले होते. तुम्ही ओसरीच्या पायरीवर बसला होता, उन्हाची तिरीप अंगणातून परतून तुमच्या तोंडावर येत होती. तुम्ही मला शिकवलेला उजेड. तुम्ही माझ्यावर चिडून काहीतरी बोलत होता, आणि मी न सांगता बटण दाबलं. आवाज आला नाही, म्हणून तुम्हाला कळलंही नाही. मग मी स्क्रीन तुमच्यापुढं धरला. काळे कुळकुळीत, तीन दिवसांची पांढरी दाढी, भुवईवरचा तो लहानपणचा वण, आणि डोळे, मामा, इतके जिवंत डोळे तुमच्या एकाही फोटोत नाहीत. तुम्ही किती वेळ बघत राहिलात. मग म्हणालात, "काढून टाक ते." मी म्हणाले, का? "काढून टाक म्हनतो न्हवं का." आवाज बारीक झाला होता तुमचा. मी तुमच्यासमोर कचऱ्याच्या डब्याचं बटण दाबलं. फोटो गेला. एका कार्डावरचा गेला. दुसऱ्या कार्डावरचा मी पुसला नाही, आणि तुम्हाला सांगितलंही नाही. तुमच्यामुळं मी खोटं बोलायला शिकले नव्हते, त्या दिवशी शिकले.

तर त्या दुपारी तुमच्या खुर्चीत बसून मी ठरवलं. आधी मृणालची फाईल. सगळे थर बंद केले, ते कायमचे टाकून फोटो सपाट केला आणि सेव्ह केला. त्याच नावावर, त्याच जागी, तुमच्याच सवयीनं. तुमचं शेवटचं काम माझ्या हातानं पुसलं, आणि मला त्याचा एवढासाही पस्तावा नाही. मग मिरजेला येऊन दुसऱ्या कार्डावरचा संक्रांतीचा फोटो उघडला. रंगाला हात लावला नाही, सुरकुतीला नाही, वणाला नाही. पांढरं काय ते ओसरीच्या चुन्यावरून ठरवलं. दोन फूट उंच प्रिंट काढली, काच लावली, कागदात गुंडाळली आणि प्रशांतला सांगितलं, तेराव्याला आणते.

खरं सांगू का मनात काय होतं? मला ते वाक्य ऐकायचं होतं. भरल्या घरात, पावण्यांसमोर, कुणीतरी तुमच्या फोटोकडं बघून म्हणावं, हे कोण? आप्पांचा फोटो आणा की. तेराव्यापर्यंत मी त्या एका क्षणावर जगले. असली सूडाची भूक मला आहे हे मला माहीत नव्हतं, पण होती, आणि त्या दिवशी कागद फाडताना ती माझ्या बोटांत होती.

प्रशांत तर बघूनच बिथरला. "ताई, हे काय केलंस? असले दिसायचे का आप्पा?" दबक्या आवाजात बोलत होता, पण दात आवळलेले. मी म्हणाले, असलेच दिसायचे. तो फ्रेम उचलून आत न्यायला निघाला तेवढ्यात मामी भिंतीचा आधार घेत उठली. फोटोच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

"कवा काढलास गं ह्यो?"

"संक्रांतीला."

"रागात हाईत."

"व्हय. माझ्यावर."

"असू दे," ती म्हणाली. मग काचेवर हात ठेवला. "चाळीस वरसं ह्यांनी मला फोटूत गोरी केली. मी एकदा बी म्हनले न्हवते, करा म्हनून." आणि प्रशांतला म्हणाली, "खिळा ठोक."

मग माणसं आली. एकेक जण पुढं येऊन फूल वाहत होता, वाकत होता. मी कोपऱ्यात उभी राहून वाट बघत होते. कुणीही काही म्हणालं नाही, मामा. एकानंही विचारलं नाही की हे कोण. तुमच्या वर्गातले एक म्हातारे तर फोटोपुढं थांबून म्हणाले, "ह्यो गड्या आपला. लय दिसांनी दिसलास." आणि डोळे पुसून पुढं गेले. माझा सूड तिथंच फसला. लोकांना तुमचा रंग माहीत होता. आयुष्यभर माहीत होता. तुम्ही ज्याच्यापासून पळत होता ते सगळ्या गावानं कधीच मान्य केलेलं होतं, आणि त्या काळ्या तोंडाला लोक हार घालत होते, पाया पडत होते. मग बावीस वर्षांच्या पोरीचं तेच तोंड तुम्हाला का लपवावं वाटलं, हो? मी त्या कोपऱ्यात पुन्हा तुमच्यावर एवढी चिडले की फूल न वाहताच बाहेर गेले. ते तुमचं एक फूल राहिलं आहे, आणि राहणार आहे.

घरात मयत झाली की लग्नकार्य वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर मग थांबायचं, हे तुम्हाला माहीत आहे. म्हणून महिना व्हायच्या आत प्रशांत मृणालच्या मागं लागला. "आप्पांनी केलेला फोटो आहे कॉम्प्युटरात, तोच पाठवू." उघडला तर साधा. माझ्याशी तीन दिवस भांडला. "पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे ताई, तुझ्या तत्त्वांचा नाही." त्याचं चुकत नव्हतं. मी त्याला म्हणाले, मग पोरीलाच विचार.

त्याच रविवारी ती माझ्याकडं आली. डबा खाल्ला, हात धुतले आणि म्हणाली, "आत्या, आजोबांचा काढलास तसाच काढ माझा." मी म्हणाले, नीट विचार कर, माझ्या रागापायी तू काही करू नकोस. ती म्हणाली, "तुझा राग तुझ्यापाशी. लॅबमध्ये रिपोर्टमध्ये आकडा बदलला तर माझी नोकरी जाते. मग फोटोत रंग का बदलायचा?" मग दुकानाच्या दारात, उजेडाकडं तोंड करून बसवली. तीळ तसाच. आपल्या घराण्याचं नाक तसंच. तुमची पन्नासची लेन्स नव्या बॉडीवर जोडून काढला. खूप चांगला आलाय, मामा. तुम्ही असता तर कबूल केलं नसतं, पण बघत राहिला असता.

प्रशांतनं नाइलाजानं तोच पाठवला. पहिलं स्थळ कराडकडचं, चांगलं होतं, मुलगा बँकेत. दोन दिवसांत मध्यस्थाचा निरोप मोबाईलवर आला. मुलगी शिकलेली आहे, घराणं चांगलं आहे, पण रंगानं सावळी आहे, आमच्याकडून नको.

प्रशांतनं मला फोन करून नाही नाही ते सुनावलं. तुम्हीच बरोबर होता की काय, असं मला एक क्षण वाटलं, खोटं कशाला बोलू. लगेच मृणालला फोन लावला. मागं लॅबमधल्या मशिनींचा आवाज येत होता.

"पप्पांनी मेसेज पाठवलाय मला," ती म्हणाली. "बघितला."

"वाईट वाटलं का गं?"

"वाटलं की. नाही कसं वाटणार." मग म्हणाली, "पण आत्या, ते घरी येणार होते का बघायला?"

"नाही. फोटो बघूनच नाही म्हणाले."

"मग बरं झालं. मी रजा टाकली होती शनिवारची, ती आता रद्द करते. ठेवू का? सॅम्पल आलेत."

आणि तिनं फोन ठेवला.

कुणी आलं नाही, मामा. तिला कुणाची तरी साडी नेसून ट्रे घेऊन बाहेर यावं लागलं नाही. कुणी तिच्या तोंडाशेजारी फोटो धरला नाही. तिला नकार आला तो तिचा होता, फोटोतल्या दुसऱ्या कुठल्या पोरीशी हरून आलेला नव्हता. दहा मिनिटं वाईट वाटून घेऊन ती कामाला लागली. मला तुमच्याकडनं एवढंच हवं होतं, आणि ते तुमच्या हातात होतं.